चित्रातली भाकरी

आमच्या घरात शपथ घ्यायला बंदी होती. भोरच्या आमच्या आळीत 'देवाशप्पथ', 'आईशप्पथ', 'गळ्याशप्पथ' हे शब्द खेळताना पोरांच्या तोंडून सहज निघायचे, माझ्याही निघायचे. पण उंबऱ्याच्या आत ते आईच्या कानावर पडले की त्या वेळचं जेवण बंद. ओरडणं नाही, मारणं नाही, ती नुसतं ताट पालथं घालायची. होय असेल तर होय म्हणायचं, नाही असेल तर नाही, त्यापुढे जे शेपूट लावावं लागतं ते खोट्यालाच लागतं, असं तिचं म्हणणं. आणि दुसऱ्याला एक नि स्वतःला एक असं तिचं नव्हतं. जे ठाऊक नाही त्याला ती कधी 'हो' म्हणाली नाही. धाकट्या भावाला देवी आल्या होत्या, तेव्हा मी रडत रडत विचारलं, "बरा होईल ना गं?" शेजारच्या सगळ्या बाया हो हो म्हणत होत्या. आई लिंबाचा पाला त्याच्या अंगावरून फिरवत म्हणाली, "ठाऊक नाही." तो पुढे बरा झाला, पण त्या 'ठाऊक नाही'चा मला फार राग आला होता.

बाबा चित्रकलेचे मास्तर. दुष्काळात आईबाप गेलेलं मूल, मिशनच्या अनाथालयात वाढलं आणि तिथंच हातात खडू आला, एवढंच ते स्वतःबद्दल सांगायचे. आळीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. एका अंगाला मणेरांचं घर, बांगड्या भरणारं, म्हणून दिवसभर किणकिण ऐकू यायची. दुसऱ्या अंगाला शिंपी, त्याचं यंत्र चालायचं. आणि मध्ये आम्ही, आमच्याकडून सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेची गाणी. बाबांचा आवाज बेसूर होता आणि त्यांना ते माहीत नव्हतं. पडवीत त्यांचं मेज, त्यावर खारीच्या केसांचे ब्रश, रंगांच्या वड्या, डिंकाची वाटी. त्यांच्या हातांना कायम डिंकाचा वास यायचा. आजही कुठे डिंक उघडला की मला आधी ते हात दिसतात, मग बाकीचं आठवतं, आणि बाकीचं आठवलं की मी बाटलीला झाकण लावते.

पुण्याहून एक मिसबाई यायच्या. गोऱ्या, उंच, मराठी अगदी शुद्ध आणि त्यामुळेच ऐकायला विचित्र. मुलांना शिकवण देणारी चित्रांची पुस्तकं छापून गावोगाव वाटायची हे त्यांचं काम. तोवरची पुस्तकं विलायतेतून यायची. त्यांतली मुलं सोनेरी केसांची, मेंढरं कापसासारखी पांढरी, आणि चांगला मेंढपाळ दाढी विंचरून बसलेला. बाबा ती पाहून हसायचे. म्हणायचे, आपल्या पोरांना वाटेल चांगलं वागणं ही साहेबांची गोष्ट, आपल्याला कशाला लागते. मिसबाईंना ते पटलं आणि एक नवं पुस्तक त्यांनी बाबांवर सोपवलं. एका पानावर चित्र, समोरच्या पानावर मोठ्या अक्षरात चार ओळी. हरवलेलं मेंढरू शोधणारा आता घोंगडी पांघरलेला धनगर झाला. वाटेत पडलेल्या माणसाला उचलणारा बैलगाडीवाला झाला. शपथ वाहू नये, 'होय ते होय, नाही ते नाही', या ख्रिस्ताच्या शिकवणीच्या पानावर दोन वेण्या घातलेली एक मुलगी आईसमोर उभी होती, ती मी. आणि घर सोडून गेलेला, पैसा उधळून परत आलेला मुलगा व त्याला पोटाशी धरणारा बाप, या गोष्टीतला बाप झाले धोंडीआबा.

धोंडीआबा वेल्ह्याकडचे. तोरण्याच्या पायथ्याला त्यांची वाडी. बाबा तरुणपणी किल्ल्याची चित्रं काढायला तिकडे भटकत गेले आणि पावसात अडकले, तेव्हा आबांनी त्यांना आपल्या गोठ्यात झोपायला जागा दिली होती, तेव्हापासूनची ओळख. आबा भोरच्या बाजाराला भात घेऊन यायचे आणि बैल सोडून आमच्या अंगणात मुक्काम करायचे. घरात मात्र यायचे नाहीत. आई सुपात कोरडा शिधा द्यायची: नाचणीचं पीठ, हुलगे, मीठ, मिरची, कांदा. शिजवलेलं काही नाही, आमच्या हंड्यातलं पाणी नाही. नदीवरून स्वतःची घागर भरून आणून तीन दगडांवर आबा आपली भाकरी आपण भाजायचे. मी समोर बसलेली असायची. पहिली भाकरी टम्म फुगली की ती माझी. त्यांच्या हातची भाकरी मी खायची आणि माझ्या घरची भाकरी ते खायचे नाहीत, यात मला लहानपणी काही वावगं वाटत नसे. एकदा मी विचारलं मात्र. आबा निखारे सारखे करत म्हणाले, "खायाला काय, माझं त्वांड न्हाई म्हनत न्हाई, सालूबाय. पन मागं पोरीचं लगीन हाय."

माझं नाव सलोमी. सालूबाय म्हणणारे ते एकटेच.

आबांच्या गालावर विळ्याची जुनी खूण होती आणि डाव्या हाताची करंगळी वाकडी. बाबांना ती करंगळी फार आवडायची. एका बाजाराच्या दिवशी आबा अंगणात आपलं खात होते आणि बाबा पडवीतून त्यांना कागदावर उतरवत होते. आबा म्हणाले, "काढा की, तेवढाच म्या कागदावर ऱ्हाईन." दुसऱ्या दिवशी बाबांनी आईला ताट वाढताना काढलं. मग दोन्ही चित्रं एकत्र आली. परत आलेल्या मुलाला घेऊन बाप जेवायला बसला आहे आणि घरची बाई भाकरी वाढते आहे, असं ते पान झालं. बाबा जे बघायचे ते काढायचे, मनचं घालणं त्यांना जमायचं नाही. म्हणून ताट आमचं आलं, आणि आईचं कपाळ जसं होतं तसं मोकळं आलं. हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात पोत आणि कपाळाला कुंकू नाही. विधवा म्हणावी तर बांगड्या आहेत; सवाशीण म्हणावी तर कपाळ कोरं. आमच्या मुलखात अशी बाई हिंदूच्या घरची नसते, हे शेंबडं पोरही सांगेल. बाबांच्या ध्यानात आलं नाही. बायकोचं कपाळ त्यांनी रोजच तसं पाहिलेलं.

आईच्या मात्र काहीतरी ध्यानात आलं. चित्र पाहून ती म्हणाली, हे कधी झालं? आबा माझ्या हातचं कधी जेवले? बाबा म्हणाले, अगं, गोष्टीसाठी जुळवलं आहे, चित्र म्हणजे काय साक्ष असते का? आई म्हणाली, मुलांना तर आपण सांगतो की या पुस्तकात सगळं खरं आहे. बाबा हसले आणि ब्रश धुवायला गेले. त्या दोघांचं तेवढंच बोलणं झालं.

पुस्तक छापून आलं तेव्हा घरात सणासारखं वाटलं. आईने गुळाच्या पोळ्या केल्या. बाबांनी आबांसाठी एक प्रत फडक्यात बांधून ठेवली, पण भातलावणीचे दिवस, आबा भोरला उतरलेच नाहीत. ती त्यांच्या हाती पडायच्या आधीच मिसबाईंच्या प्रचाराच्या बायकांनी वेल्ह्याच्या जत्रेत ती पुस्तकं पोरांना फुकट वाटली. एक पुस्तक एका लहान पोराच्या हाती पडलं आणि ते त्याने घरी नेलं. नेमकं त्याच घरात आबांची लेक तानू द्यायची ठरली होती. सुपारी फुटली होती. पोराच्या बापाने पान उघडलं आणि गालावरची खूण ओळखली, वाकडी करंगळी ओळखली, आणि वाढणाऱ्या बाईचं कपाळ पाहिलं.

आबा आले ते चालत आले, बैल नाहीत, गाडी नाही. तीन दगड तसेच पडले होते, त्यांच्याजवळ बसले. आई शिध्याचं सूप घेऊन बाहेर आली तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते बाबांना इतकंच म्हणाले की पंच बसणार आहेत, सोयरीक मोडायची की ठेवायची ते तिथं ठरेल, तुम्ही येऊन खरं काय ते सांगा. मग मान खाली घालून म्हणाले, "तुमच्या पोरीला संगं आना म्हनल्यात." आई दारातच उभी होती. ती बाबांना म्हणाली, "तुम्हाला हिच्या डोक्यावर हात ठेवायला लावतील." बाबा म्हणाले, "बघू." आईने माझ्या वेण्या घातल्या, इतक्या घट्ट की डोळे ताणले गेले.

वाटेत डोंगर किती सुंदर होते वगैरे मला लिहिता येईल, पण मला ते आठवत नाहीत. आठवतो तो आबांच्या गोठ्यातला शेणाचा आणि ओल्या गवताचा वास, आणि तानू. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी, गव्हाळ, बोलताना मान वाकडी करणारी. संध्याकाळी ती गोठ्याच्या दारात आली. पत्रावळीवर भात होता, तो तिने जमिनीवर ठेवून माझ्याकडे सरकवला, मग शेजारी बसून माझ्या सुटलेल्या वेणीला हात घातला. भात देताना मला शिवायचं नाही आणि केसांना शिवायचं, हा हिशेब तिचा तिलाच ठाऊक. वेणी घालता घालता हलक्या आवाजात म्हणाली, "तुजा बा घेईल न्हवं शपत?" मी हो म्हटलं. घेतील, खरंच आहे तर का नाही घेणार, असं म्हटलं. आईची लेक असून मी ठाऊक नसलेल्या गोष्टीला हो म्हणाले, आणि तानूने त्या होवर विश्वास ठेवून माझ्या वेणीला आपला स्वतःचा गोंडा बांधला.

पंच देवळाच्या ओट्यावर बसले, आम्ही खाली. आबा एका बाजूला उभे, ना वर ना खाली. पाटलाच्या मांडीवर ते पुस्तक होतं. पाटील माणूस वाईट नव्हता, आवाजही चढवत नव्हता. त्याने एकेक विचारलं आणि बाबांनी एकेक सांगितलं. हा धोंडीच ना? होय. ही तुमची कारभारीण? होय. धोंडी तुमच्या घरी जेवला? नाही. मग ही भाकरी कुठली? त्यांची त्यांनीच भाजलेली. मग तुमची बाई ती वाढतेय कशी? बाबांनी सांगितलं की दोन वेगळ्या दिवशी काढलेली चित्रं गोष्टीसाठी एकत्र जुळवली. तेव्हा नवऱ्या मुलाचा बाप पहिल्यांदा बोलला. "जुळवलं म्हंजी खोटं काढलं." बाबा म्हणाले, "होय."

मग पाटील म्हणाला की एकदा खोटं काढणाऱ्याचं आताचं बोलणं कशावरून खरं मानायचं, तेव्हा पोरीच्या डोक्यावर हात ठेवा आणि बोला, आम्ही मानू. सोयरेही मानतील. मुलाच्या बापाने मान हलवली. इतकं सोपं होतं. एक हात ठेवायचा होता आणि जे खरं होतं तेच बोलायचं होतं. बाबांचा हात माझ्या डोक्यावर आला. त्याचं वजन, त्याची ऊब मला जाणवली, डिंकाचा वासही आला. भिंतीआड बायका उभ्या होत्या, त्यांच्यात तानू असणार. मी मान ताठ केली, हात नीट बसावा म्हणून. आणि हात उचलला गेला.

बाबा म्हणाले, "मी शपथ घेत नाही. आबा माझ्या घरी कधी जेवले नाहीत. याहून जास्त माझ्याकडे काही नाही." कोणीतरी हसलं. पाटलाने समजावलं, "मास्तर, पोरीचं लगीन हाय. हात ठेवा नि मोकळं व्हा." तेवढ्यात एका शिकलेल्या तरुणाने पाटलाच्या मांडीवरचं पुस्तक उचलून पानं उलटली आणि दोन वेण्यांच्या मुलीचं, 'होय ते होय'चं, पान काढून मोठ्याने वाचलं. ऐकून झाल्यावर बाबा म्हणाले, "एक पान माझ्या हातून खोटं झालं. हे दुसरं तरी मला खोटं करायला लावू नका." मी त्यांचा सदरा ओढला. घ्या ना बाबा, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

शेवटी आबाच बोलले. ओट्याकडे तोंड करून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, पाटील. माझ्यापायी त्येचा देव नका मोडू."

सोयरे उठले. आबांचं नुसती सोयरीक मोडून भागलं नाही. न केलेल्या जेवणाचं प्रायश्चित्त म्हणून त्यांना सगळ्या भावकीला जेवण घालावं लागलं, तेव्हा कुठे त्यांना पंगतीत घेतलं. तानूला पुढे घाटाखालच्या एका बिजवराला दिली, त्याची दोन मुलं आधीच होती. हे सगळं आम्हाला बाजारात येणाऱ्या माणसांकडून कळत गेलं. आबा पुन्हा आमच्या अंगणात आले नाहीत. तीन दगड पुष्कळ दिवस तिथे होते, एका पावसाळ्यात त्यांच्यावर गवत आलं.

घरी परतल्यावर मी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती बाबांना शाबासकी देईल, तिचाच तर नियम पाळला होता त्यांनी. तिने विचारलं, "मग तानूचं?" मी म्हटलं, "मोडलं." त्या रात्री आईने सगळ्यांना वाढलं आणि स्वतःचं ताट पालथं घातलं. त्यानंतर शपथ घेतली म्हणून तिने आमचं ताट कधी पालथं घातलं नाही. आम्हीही घेतली नाही म्हणा. बाबांनी पुढे मिसबाईंसाठी आणखी पुस्तकं केली, पण त्यांत माणूस नाही. चिमण्या, कोकरं, कमळं, डोंगर. मिसबाईंनी विचारलं तर म्हणाले, चेहरा काढला की तो कुणाचातरी असतो.

मी बाबांवर रागावले होते, हे सरळ लिहिते. आता माझे केस त्यांच्याहून पांढरे झाले, तरी तो राग पुरता गेलेला नाही. नातवंडांच्या रविवारच्या शाळेत गुळगुळीत कागदाची पुस्तकं मिळतात, त्यांत प्रत्येक गोष्टीत चांगलं वागणाऱ्याचं चांगलं होतं, आणि चांगल्या वागण्याची किंमत चुकती करणारं माणूस शेजारच्या पानावर कुठे दिसत नाही. काही दिवस मला वाटतं, बाबा ठामपणे उभे राहिले, माझ्याने झालं नसतं. काही दिवस वाटतं, देवाला एवढी एक शपथ खपली असती. तानूचा गोंडा माझ्या ट्रंकेत अजून आहे.

ती आली ती काही वर्षांनी, भर उन्हाळ्यात. तोवर मी मॅट्रिकला होते. दारात एक बाई उभी, कडेवर मूल, तोंड उन्हाने रापलेलं. मान वाकडी केली तेव्हा मी ओळखलं. म्हणाली, भादव्यात आबा गेले. जाताना शुद्धीवर होते. मग चौकटीला धरून, पाठ केल्यासारखं म्हणाली, "आबा म्हनले, मास्तराकडं जा नि जेवून ये. आपल्यापायी त्येचं चित्र खोटं ऱ्हायलं, म्हनले."

आईने चुलीवर तवा टाकला. नाचणीची भाकरी, पिठलं, कांदा, आणि तेच ताट. तानू उंबरा ओलांडून आत आली आणि पाटावर बसली. मूल मी घेतलं. बाबा आतल्या खोलीच्या दारात उभे होते, पुढे येत नव्हते. आईने भाकरी वाढली, अगदी चित्रात वाढली होती तशी वाकून, मोकळ्या कपाळाने. तानूने तुकडा मोडला. पिठल्याला लावला. ओठापर्यंत नेला आणि तिथंच थांबली. कुणी खा म्हणालं नाही. बराच वेळ तिने प्रयत्न केला, खरंच केला. मग तुकडा ताटात परत ठेवला, पदर पसरला, कोरडी भाकरी त्यात घेतली आणि गाठ मारली. "गाडीत खाते," म्हणाली. मूल माझ्याकडून घेतलं, आईच्या पाया पडली, बाबांकडे पाहून मान हलवली आणि निघाली. नाक्यावर तिची गाडी थांबली होती. आम्ही तिघंही दारात येऊन बघत राहिलो, गाडी धुळीत दिसेनाशी झाली तरी.

बाबा आत येऊन रिकाम्या पाटाजवळ बसले. आईला म्हणाले, "खाईल का गं ती?"

आई तानूचं ताट उचलत होती. तिने वर पाहिलं नाही.

"हो," ती म्हणाली. "खाईल."